ऐकणारे कमी होत असताना यिडिशमध्येच लिहीत राहिलेले लाझार वायनर : बरोबर होते का?

मंद्रसप्तक (चर्चाप्रस्ताव)

मी न्यू जर्सीत राहते आणि पाश्चात्त्य गायन शिकते. गेल्या हिवाळ्यात बाईंनी माझ्या हातात दोन पानांचं एक गाणं ठेवलं. शब्द रोमन अक्षरांत, खाली पियानोच्या दोन ओळी. वाटलं जर्मन आहे. मग मधेच एखादा हिब्रू शब्द यायचा, मधेच एखादा युक्रेनी वळणाचा. बाई म्हणाल्या, ही यिडिश, पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. मूळ हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे लिहितात, पण स्वरलिपी डावीकडून उजवीकडे धावते, म्हणून सुरांखाली शब्द रोमन अक्षरांत द्यावे लागतात.

त्या गाण्याचे संगीतकार लाझार वायनर. त्यानंतर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि एक प्रश्न डोक्यातून जाईना. तो इथे मांडते.

आधी थोडक्यात माणूस. जन्म 1897, युक्रेनमधल्या चेर्कासी गावात. लहानपणी कीव्हच्या ब्रॉड्स्की सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, गायकवृंदात गायले, पुढे कीव्हमध्येच संगीताचं रीतसर शिक्षण सुरू झालं. 1914 मध्ये कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला आले. हातात कला होती ती पियानोची, म्हणून मूकपटांच्या थिएटरात पडद्याकडे बघत वाजवायचं काम मिळालं. पुढे गायन शिकवणाऱ्यांकडे साथ करू लागले. तोवर त्यांच्या मनावर छाप रशियन साहित्याची आणि रशियन संगीताची होती. यिडिश कविता त्यांना भेटली ती अमेरिकेत, आणि तीही वाद्यवृंदात! ब्रुकलिनमधला हौशी वाद्यवृंद ते चालवत, त्यात नाहुम बारुख मिन्कॉफ नावाचे एक व्हायोलिनवादक होते. हे मिन्कॉफ म्हणजे 'इन झिख', म्हणजे 'आपल्या आत', या नव्या कवींच्या गटातले. त्यांनी वायनरना कवींच्या बैठकीत नेलं. तिथून पुढे जवळजवळ साठ वर्षं हा माणूस यिडिश कवितांना सूर देत राहिला. दोनशेहून जास्त गाणी. 1982 मध्ये न्यूयॉर्कलाच गेले.

आता प्रश्न. ते आले तेव्हा न्यूयॉर्कच्या पूर्वभागात गल्लोगल्ली यिडिश ऐकू येत होती. ते गेले तेव्हा या गाण्यांना श्रोते शोधावे लागत होते. त्यांना इंग्रजी येत होती, अमेरिकन गुरूंकडे शिकलेले होते, पियानोवर प्रभुत्व होतं. भाषा बदलण्याची वाट पूर्ण मोकळी होती. त्या वाटेने ते गेले नाहीत.

माझं मत सरळ आहे: त्यांनी योग्य केलं, कारण कवितेला सूर द्यायचा तर तो त्या भाषेच्या उच्चारातूनच निघतो. आपल्याकडच्या भावगीतांचं जे, तेच इथे. पण नवऱ्याला हे पटत नाही, आणि घरात या विषयावर इतका वाद झाला, की म्हटलं इथे विचारावं. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

मी तुमच्या यजमानांच्या बाजूने.

त्याच पिढीतला दुसरा माणूस घ्या: शोलोम सेकुंडा. तेही युक्रेनमधले, तेही स्थलांतरित. सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या यिडिश रंगभूमीसाठी त्यांनी चाली लावल्या. 1932 च्या एका नाटकातलं त्यांचं गाणं पुढे तीस डॉलरला विकलं गेलं, आणि इंग्रजी शब्द घालून अँड्र्यूज भगिनींनी गायल्यावर ते जगभर पोचलं. अर्व्हिंग बर्लिन पाच वर्षांचे असताना रशियातून आले आणि अमेरिकेची गाणी त्यांनी लिहिली. संगीतकार गर्श्विनचे आईवडील रशियातून आलेले. या सगळ्यांनी नव्या देशाची भाषा घेतली आणि आपल्या सुरांची चव तिच्यात मिसळली.

अमेरिकेच्या 1924 च्या स्थलांतर कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळपास बंदच झाली. म्हणजे नवे यिडिशभाषक येणार नाहीत आणि इथे जन्मलेली मुलं शाळेत इंग्रजी बोलणार, हे तेव्हाच दिसत होतं. ढग नाहीत हे दिसत असताना पेरणी करणाऱ्याला आपण काय म्हणतो?

आणि त्यातही कलागीत! पियानोची अवघड साथ, शिकलेला गळा, शांत सभागृह. बाजारात, स्वयंपाकघरात, शिवणयंत्रावर बोलली जाणारी भाषा त्यांनी मैफलीच्या खोलीत नेऊन बसवली. जिथे ती जिवंत होती तिथून ती उचलली, एवढंच मला दिसतं.

कातळशिल्प

उंबरठा, तुमचं पेरणीचं म्हणणं एकवेळ बाजूला ठेवतो. शेवटच्या परिच्छेदाला मात्र उत्तर द्यायलाच हवं.

'बाजाराची, स्वयंपाकघराची भाषा' हाच तर यिडिशवरचा शंभर वर्षांचा आरोप होता. शिकलेले ज्यू तिला भाषासुद्धा म्हणत नसत, 'जार्गोन', म्हणजे भ्रष्ट बोली, म्हणत. 1908 मध्ये चेर्नोवित्सला परिषद भरवून, पुष्कळ भांडून, ती ज्यू लोकांची 'एक' राष्ट्रीय भाषा आहे एवढा ठराव करून घ्यावा लागला. 'एक' की 'एकमेव' यावरही भांडण झालं. ज्या भाषेला तुम्ही गंभीर गोष्टींसाठी नालायक ठरवता, तिच्यात गंभीर गाणं लिहिणं हे तिला उचलून नेणं कसं झालं?

आणि या कविता दिवाणखान्यातल्या नव्हत्या हो. कवी कोण होते बघा. मानी लाइब चपला-बूट शिवायचे. झिशे लांडाउ घरं रंगवायचे. ह. लाइविक झारच्या राजवटीत सैबेरियाला पाठवले गेले, तिथून निसटून अमेरिकेला पोचले, आणि इथे भिंतींना कागद चिकटवण्याचं काम करत त्यांनी कविता लिहिल्या. दिवसभर खळ आणि कुंचला, रात्री कविता. हे सगळे त्याच शिवणयंत्रांच्या वस्तीतले. त्यांना मुक्तछंद सुचला, उपनिषदांसारखे गूढ प्रश्न पडले, तर 'तुमच्या भाषेला हे शोभत नाही' असं त्यांना कुणी सांगायचं?

उंबरठा

कवींबद्दलचं मान्य. लाइविकांचं मला माहीत नव्हतं, आणि वाचून थांबलो थोडा वेळ.

पण माझा मुद्दा कवितेचा नाही, गाण्याचा आहे. कविता स्वस्त मासिकात छापून कारागिराच्या खिशात जाते. वायनरांचं गाणं गायला कारागीर बसत नाही. त्याला कंठ तयार लागतो, साथीदार लागतो, सभागृह लागतं. जनसामान्यांपर्यंत पोचायचं तर त्यांच्याच हातात दुसरा मार्ग होता, आणि तो ते चालवतही होते: गायकवृंद. मग श्रेय त्या गायकवृंदांना द्या. गाण्यांना कशाला?

चार आण्यांची पेटी

उंबरठा यांनी माझ्या जिव्हाळ्याच्या जागी बोट ठेवलं. मी वीस वर्षं समूहगानाच्या गटात गातो, त्यामुळे वायनरांच्या गाण्यांपेक्षा त्यांचे गायकवृंद मला जास्त ओढतात.

'आर्बेटर रिंग' ही ज्यू कामगारांची संस्था. आजारपणात मदत, दफनाची जागा, मुलांसाठी यिडिश शाळा आणि गाणं. तिच्या गायकवृंदाचं नेतृत्व वायनरांनी 1930 च्या आसपास घेतलं आणि तीसेक वर्षं सांभाळलं. त्याआधी ते डाव्या विचाराच्या 'फ्रायहाइट गेझांग फेराइन' मध्येही होते. गाणारे कोण? कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतून सुटलेले बायका-पुरुष. अनेकांना स्वरलिपी वाचता येत नसे. मग एकेक आवाजाची ओळ कानावरून घोटून घ्यायची. सोप्रानोची ओळ बसेपर्यंत बाकीचे थांबणार, मग आल्टो, मग टेनर, मग बास. ज्याने हे केलंय त्यालाच कळेल की चार ओळी पहिल्यांदा एकत्र उभ्या राहतात तेव्हा खोलीत काय होतं. आणि वायनर त्यांना सोपं काही देत नसत. घोषणांच्या गाण्यांवर समाधान मानायला ते तयार नव्हते, या माणसांकडून मोठ्या रचना गाऊन घेण्याचा त्यांचा हट्ट होता.

आता दुसरी बाजू. पोट कशावर चालायचं? 1930 पासून 1975 पर्यंत ते मॅनहॅटनमधल्या सेंट्रल सिनेगॉगचे संगीत दिग्दर्शक होते. लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरची ती 1872 ची देखणी इमारत. तिथली मंडळी सुधारणावादी, सुस्थितीतली, मुळात जर्मनभाषक घराण्यांतली. प्रार्थना हिब्रू आणि इंग्रजीत. यिडिशला तिथे जागाच नव्हती. म्हणजे शब्बाथला, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, एका वर्गाची प्रार्थना, आठवड्यात संध्याकाळी दुसऱ्या वर्गाचं कामगारगीत. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या घरी कधी जेवायला गेली असतील असं वाटत नाही.

आता उंबरठा यांच्या प्रश्नाला उत्तर. सिनेगॉगला सेवेसाठी रचना हव्या होत्या. कामगारांना समूहगीतं हवी होती. एकट्या गळ्यासाठी आणि पियानोसाठी यिडिश कविता? ती कोणाच्याच पगारात बसत नव्हती. तरी दोनशे झाली. मला गायकवृंदच मोठे वाटतात, पण त्या माणसाला स्वतःशी बोलायला जागा कुठे होती, तर या गाण्यांत. ती काढून घेऊ नका.

कोमल ऋषभ

चर्चाप्रस्तावातल्या एका वाक्याला माझा विरोध आहे: 'आपल्याकडच्या भावगीतांचं जे, तेच इथे.' नाही, तेच नाही.

भावगीतात कवितेला चाल मिळते. वाद्यमेळ नंतर येतो, बदलू शकतो, गायक प्रत्येक वेळी जागा वेगळी घेतो आणि आपण त्याला दाद देतो. कलागीतात पियानो हा दुसरा गायक असतो. त्याचा प्रत्येक स्वर लिहिलेला. कवितेत जे बोललेलं नाही ते पुष्कळदा पियानो बोलतो. आणि गायकाने पदरची एक मुरकीही घालायची नाही. सिनेगॉगमधले हज्जान, म्हणजे मुख्य गायक, आपल्या ख्यालियांसारखे फिरत घेणारे. त्या परंपरेत वाढलेल्या वायनरांनी गाण्यातून ते अलंकरण मुद्दाम बाहेर ठेवलं. ही निवड समजून घेतल्याशिवाय त्यांचं काम समजत नाही.

दुसरा मुद्दा, आणि मला या सगळ्या कहाणीत तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1919 मध्ये रशियातून 'झिम्रो' नावाचा सहा वादकांचा संच न्यूयॉर्कला आला. (रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह यांनी हिब्रू सुरावटींवरची आपली रचना यांच्याचसाठी लिहिली.) सेंट पीटर्सबर्गला 1908 मध्ये ज्यू लोकसंगीताची संस्था निघाली होती, तिच्या संगीतकारांच्या रचना हा संच वाजवायचा. ते ऐकून वायनरांना पहिल्यांदा दिसलं की ज्यू संगीतातून गंभीर मैफलीचं संगीत होऊ शकतं. मग त्यांनी आपली यिडिश गाणी या चळवळीचे मोठे नाव योएल एंगेल यांना दाखवली. एंगेलांचा अभिप्राय कठोर होता: गाणी चांगली आहेत, पण त्यांत ज्यू काही नाही. शब्द तेवढे यिडिश.

आता हे 'इन झिख' कवींच्या भूमिकेशेजारी ठेवून बघा. 1920 च्या सुमारास त्यांनी जाहीर केलं होतं की आम्ही ज्यू कवी आहोत ते आम्ही यिडिशमध्ये लिहितो म्हणून. विषय ज्यू असलाच पाहिजे असं बंधन नाही. म्हणजे मित्र सांगताहेत, भाषा पुरेशी आहे. गुरुस्थानी मानलेला माणूस सांगतोय, भाषा मुळीच पुरेशी नाही, सुरांत ते दिसलं पाहिजे. वायनर या दोघांच्या मधे उभे.

त्यांनी काढलेली वाट मला फार आवडते. लोकगीतांच्या चाली उचलून त्यांना पियानो जोडायचा, हा सोपा मार्ग होता. त्याऐवजी ते धर्मग्रंथ पठणाच्या सुरावटींकडे गेले. तोरा वाचताना प्रत्येक शब्दाला ठरलेली छोटी सुरावट असते, आपल्याकडच्या वेदपठणासारखी शिस्तीची. त्या तुकड्यांतून, बोलण्याच्या लयीवर, ते ओळ विणत गेले. म्हणून या गाण्यांत ठेका धरता येत नाही, पण वाक्य बरोबर जागी थांबतं.

ज्यांना कानाने खूण हवी त्यांच्यासाठी: पूर्व युरोपी ज्यू संगीतातला एक प्रमुख स्वरसमूह कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद असा आहे. स्वर आपल्या बसंत मुखारीचे. पण राग नाही हं! चलन वेगळं, न्यास वेगळे.

मंद्रसप्तक

कोमल ऋषभ, भावगीताची तुलना मागे घेते. गाताना मला हेच जड जात होतं: गळा आपोआप जागा घ्यायला जातो आणि बाई थांबवतात. आता कारण कळलं.

शाईची दौत

उंबरठा यांच्या 'ढग नाहीत हे दिसत असताना पेरणी' वर बोलतो. हे शहाणपण मागाहूनचं आहे.

1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये यिडिश दैनिकं एक नव्हे, अनेक होती. एकट्या 'फॉरव्हर्ट्स'चा खप ऐन भरात दोन लाखांच्या वर होता. रंगभूमी होती, शाळा होत्या, प्रकाशक होते. व्हिल्नोला 1925 मध्ये 'यिवो' ही यिडिश संशोधन संस्था निघाली. पोलंडमध्ये लाखो लोक ती भाषा जगत होते. दुसऱ्या महायुद्धाआधी जगात यिडिश बोलणारे एक कोटीहून अधिक. तेव्हा एखादा तरुण संगीतकार म्हणाला असता की ही भाषा संपणार, तर त्याला घरच्यांनी वेड्यात काढलं असतं.

ती आपोआप वाळली नाही. नाझींनी तिचे बोलणारे मारले. मारल्या गेलेल्या साठ लाखांतले बहुसंख्य यिडिशभाषक होते. सोव्हिएत रशियात 12 ऑगस्ट 1952 च्या रात्री तेरा जणांना गोळ्या घातल्या, त्यांत पेरेत्स मार्किश, लाइब क्विटको, दावीद होफश्टाइन हे कवी होते. इस्राएलमध्ये हिब्रूला पुढे आणताना यिडिशला मागे ढकललं गेलं. अमेरिकेत इंग्रजीने गिळलं, हे यांतलं चौथं आणि सर्वांत सौम्य कारण.

त्यामुळे वायनरांच्या आयुष्याचे दोन भाग करून विचारायला हवं. 1945 आधी त्यांनी जिवंत भाषेत लिहिलं, त्याचं समर्थन करण्याची गरजच नाही. 1945 नंतर? माझ्या मते त्यानंतर भाषा बदलणं अशक्यच झालं. ज्या दिवशी कळतं की आपल्या गावची माणसं खंदकात गेली, त्या दिवसानंतर त्यांची बोली सोडून देणं कोणाला जमेल?

उंबरठा

शाईची दौत, 1924 चा माझा मुद्दा तुम्ही खोडलात, तो सोडतो. पण तुमच्या शेवटच्या वाक्याने माझी शंका वाढली. याचा अर्थ असा झाला की 1945 नंतरची गाणी ही श्रद्धांजली. श्रद्धांजलीला सन्मानाने उभं राहतात, ती रोज कोणी गुणगुणत नाही. संगीतकाराने स्वतःच्या कामाचं असं स्मारक करून ठेवावं का? त्यांचा मुलगा येहुदी वायनरही संगीतकार झाला, त्याला 2006 मध्ये पियानो कन्चेर्टोसाठी पुलित्झर मिळालं. त्याने आडनावाचं स्पेलिंगही बदलून घेतलं. पुढची पिढी मोकळी झाली, असं मी यातून वाचतो.

कातळशिल्प

मुलाने स्पेलिंग बदललं, पण नाव येहुदी ठेवलं! आणि यिडिश साहित्य आणि ज्यू प्रार्थना त्याच्याही संगीतात येत राहिल्या. बापलेकांच्या नात्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नये.

दुपारची गाडी

सगळेजण यिडिश मेल्यासारखं बोलताहेत, त्यामुळे लिहावं लागतंय. मी ब्रुकलिनमध्ये काम करतो. विल्यम्सबर्गच्या बसमध्ये चढा. लहान मुलं यिडिशमध्ये भांडतात. आया यिडिशमध्ये ओरडतात. दुकानांच्या पाट्या, जाहिराती, शाळेच्या बसवरची अक्षरं, सगळं यिडिश. हासिदी, म्हणजे कर्मठ ज्यू, कुटुंबांत मुलंही पुष्कळ, त्यामुळे तिथे भाषा वाढते आहे.

पण वायनर तिथे कुणाच्या घरात वाजणार नाहीत. धर्मनिरपेक्ष कवींच्या, स्वतःच्या आत डोकावणाऱ्या, देवाशी भांडणाऱ्या कविता त्यांना नको आहेत. पुरुषांनी परक्या बाईचं गाणं ऐकू नये असा कडक नियम पाळणाऱ्यांच्या घरी मंद्रसप्तक यांचं गाणं तर नाहीच. जे ही भाषा बोलतात ते ही गाणी ऐकत नाहीत, आणि जे ही गाणी गातात त्यांतल्या बहुतेकांना भाषा शब्दकोशातून घ्यावी लागते.

म्हणून प्रश्नच बदला, असं माझं म्हणणं. वायनर भाषेसाठी लिहीत नव्हते. ते एका जगासाठी लिहीत होते: धर्माच्या चौकटीबाहेर पडलेलं, पण ज्यू असणं न सोडलेलं, कामगार संघटना आणि मुक्तछंद एकाच टेबलावर मांडणारं न्यूयॉर्क. भाषा आहे. ते टेबल राहिलं नाही.

अश्दोदची अलिबागकर

मी इस्राएलमधून लिहिते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, 'शनिवार तेली'. यिडिश आमची कधीच नव्हती, आमची भाषा मराठी. म्हणून या धाग्यावर लिहावं की नाही असं दोन दिवस वाटत होतं.

माझे वडील लहान असताना आईवडिलांबरोबर इकडे आले. शाळेत बाई सांगायच्या, घरीसुद्धा हिब्रूच बोला. वडिलांच्या वर्गात रोमानियाहून आलेली मुलं होती, त्यांच्या घरी यिडिश. त्यांनाही तेच सांगितलं जायचं. वडील म्हणायचे, मधल्या सुट्टीत ती यिडिशमध्ये शिव्या द्यायची, मी मराठीत, आणि बाई आल्या की आम्ही सगळे हिब्रू.

आमच्याकडे कीर्तनं होती. हरदासांच्या कीर्तनाच्याच घाटाची, पण कथा मोशेची, योसेफची. साक्या, दिंड्या, ओव्या, सगळं मराठीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या लोकांनी ती मुंबईत सुरू केली. सिनेगॉगला आमच्यात मशीदच म्हणत, तर आजी सांगायची की मशिदीबाहेरच्या मांडवात रात्र रात्र कीर्तन चालायचं. आज माझी मुलं मराठी बोलत नाहीत. इथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक आमची मंडळी काढत आली, ते वाचणाऱ्यांची वयं बघितली की पोटात कालवतं.

उंबरठा, तुमचं दुःख मला कळतं. भाषा मैफलीने टिकत नाही हे मी घरात पाहिलं. ती चुलीपाशी टिकते, आणि आमच्या चुलीपाशी ती दोन पिढ्यांत संपली. पण एक गोष्ट सांगते. जी कीर्तनं छापली गेली त्यांचे शब्द आजही आहेत. चाली कोणी लिहिल्या नव्हत्या. आजीला ज्या येत होत्या त्यांतल्या तीन मला येतात. बाकी तिच्याबरोबर गेल्या. त्या कशा होत्या ते आता कोणीही सांगू शकणार नाही, कितीही पैसे दिले तरी. वायनरांनी पियानोचा एकेक स्वर कागदावर उतरवला. न्यू जर्सीतली एक मराठी मुलगी तो कागद उघडते आणि गाते. आमच्याकडे असा एक माणूस निघाला असता तर मी त्याला 'का लिहिलंस' असं विचारलं नसतं.

चार आण्यांची पेटी

ताई, त्या तीन चाली कुणाकडून तरी स्वरलिपीत उतरवून घ्या. खरंच. फोनवर गाऊन पाठवा, मी बसून लिहीन. कोमल ऋषभ मदत करतीलच.

कोमल ऋषभ

करीन. सावकाश, एकेक ओळ दोनदा गा. तालात बसवायची घाई करू नका, जशी आजी म्हणायची तशीच गा.

उंबरठा

अश्दोदच्या ताईंना उत्तर द्यायचं म्हणजे अवघडच. देतो, कारण न बोलणं बरं दिसणार नाही.

लिहून ठेवणं मोलाचं आहे, यावर वाद नाही. माझा विरोध आता एवढ्यापुरता उरलाय: जतन करणं आणि निर्मिती करणं ही दोन कामं आहेत. आजीच्या चाली उतरवणं हे जतन. वायनर नवं लिहीत होते, आणि नव्याला समोर ऐकणारा लागतो. पन्नाशीच्या, साठीच्या दशकांत ते अशा सभागृहासाठी लिहीत होते ज्याच्या मागच्या रांगा दरवर्षी रिकाम्या होत होत्या. त्यांना ते दिसत नसेल असं मी मानत नाही. त्यांना किती एकटं वाटलं असेल, हे या धाग्यावर कोणीच म्हटलं नाही. आपण सगळे त्यांच्या निष्ठेचं कौतुक करतोय. मला त्यांनी मोजलेली किंमत दिसते. बरोबर की चूक यापेक्षा, इतकी किंमत कोणत्याही कलावंताने मोजू नये असं मला वाटतं, आणि त्यावर मी ठाम आहे.

मंद्रसप्तक

उंबरठा, एकटेपणाचं तुम्ही म्हणालात ते मला आधी सुचायला हवं होतं. मी दोनशे गाण्यांचा आकडा अभिमानाने लिहिला, पण मधल्या वर्षांचा विचार केला नाही.

तरी एक भर घालते. ते शिकवतही होते. न्यूयॉर्कच्या हिब्रू युनियन कॉलेजात हज्जान घडवणाऱ्या शाखेत त्यांनी यिडिश कलागीत शिकवलं. म्हणजे सभागृह रिकामं होत असताना ते पुढचे गायक तयार करत होते. माझ्या बाई ज्यांच्याकडे शिकल्या, ते अशाच कुणाकडे शिकलेले. वाट बारीक आहे, पण माझ्यापर्यंत आली. मोजलेली किंमत यामुळे कमी होत नाही, हे मान्य. माझं मत बदललं नाही, त्याचा सूर बदलला.

दुपारची गाडी यांनी विचारात टाकलं. ते टेबल राहिलं नाही हे खरं, आणि मी गाऊन ते परत मांडता येणार नाही. चार आण्यांची पेटी यांचं गायकवृंदांबद्दलचं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बघ, मी हेच सांगत होतो. मी म्हटलं, तू हे मुळीच सांगत नव्हतास. पण संध्याकाळी त्याने शोधून शोधून एक जुनं यिडिश समूहगान लावलं आणि आम्ही दोघं ऐकत बसलो.

पुढच्या महिन्यात बाईंच्या विद्यार्थ्यांचा छोटा कार्यक्रम आहे, त्यात मी ते दोन पानांचं गाणं म्हणणार आहे. चाळीसेक श्रोते असतील. यिडिश समजणारी एक आजीबाई येतात म्हणे, बाकी कुणी नाही. मध्यंतरी बाईंनी सूर बंद करायला लावले. म्हणाल्या, आधी ही कविता नुसती बोलून दाखव, त्या आजीबाईंना समजेल अशी. पंधरा दिवस झाले, मी तेवढंच करते आहे. तिसऱ्या ओळीत एक शब्द आहे, त्यातला घशातून येणारा 'ख' माझ्या तोंडून अजून मराठीच निघतो.